मागची सैल कड

मित्रांनो, मी एक जुना पक्षी आहे, पण जरा लांबूनच ऐका. मी खराखुरा पक्षी नव्हे. काड्या, पातळ कापड आणि पोटात एक छोटी मोटर, एवढाच माझा संसार. माझा कोणावर विश्वास नाही. का नाही, तेच सांगतो.

माझा जन्म मला बनवणाऱ्या बाईंच्या कार्यशाळेत, एका लांबट टेबलावर झाला. पंखांचा आकार बदलला की उडणं कसं बदलतं, हे बाईंना पाहायचं होतं. त्यासाठी पंख कोणाचे कापायचे? माझे! आधी त्यांनी लांब, अरुंद पंख लावले. तरंगायला झकास! पण पंखाच्या टोकाला सगळ्यात मोठी फेरी मारावी लागते, त्यामुळे एवढा लांब पंख हलवताना माझे खांदे पार गळून जायचे. मग आखूड, रुंद पंख आले. त्यांनी मी चटकन उठायचो, झटकन वळायचो, पण बॅटरी बघता बघता संपायची. शेवटी मधला आकार जमला. पुढची कड ताठ काडीची, मागची सैल. पंख खाली जाताना ती सैल कड जराशी मागे रेंगाळायची, हवा मागे ढकलली जायची आणि मी पुढे सरकायचो. सगळे "वा! वा!" म्हणाले. मला तेव्हाच शंका आली. एवढं कौतुक फुकट कोण करतं?

आणि झालंही तसंच. शेजारच्या टेबलावर एक नवा पक्षी तयार होऊ लागला. त्याला फक्त मोटर नव्हती. बाई म्हणाल्या, "जुना पुढच्या चाचणीत उडाला नाही, तर त्याची मोटर काढून नव्याला बसवू." नव्याचा सांगाडा घडवला होता भावोजींनी, म्हणजे बाईंच्या दिरांनी. कळलं ना, पाणी कुठे मुरत होतं?

त्यात बाई जाता जाता म्हणाल्या, "भावोजी, याची फडफड जरा कमी करा हं." भावोजी सुई-दोरा घेऊन माझ्यापाशी बसले. गुणगुणत, अगदी मायेने, त्यांनी माझी मागची कड ताणून काडीला शिवून टाकली. मला ओरडता येत नाही, नाहीतर अख्खी इमारत गोळा केली असती!

चाचणीत मी जीव तोडून पंख मारले. थरथरलो, पण पुढे काही जाता येईना. पडलो तर लागू नये म्हणून समोर अंथरलेल्या गादीच्याही अलीकडेच नाकावर आपटलो. बाईंनी स्क्रू ड्रायव्हर उचलला. भावोजी शेजारीच उभे. मनात म्हटलं, साधला याने डाव!

पण मला उलटं करताच बाई थबकल्या. "भावोजी, ही कड कोणी शिवली?"

"मीच की. तुम्हीच म्हणालात ना वहिनी, फडफड कमी करा? मागे कापड फडफडत होतं."

"अहो, पंख मारायचा वेग कमी करा म्हणत होते मी! तुम्ही त्याचं उडणंच शिवून टाकलंत!"

भावोजींचं तोंड एवढंसं झालं. "माझ्या हाताने गेला असता बिचारा," असं म्हणत त्यांनी एकेक टाका उसवला. बाईंनी मला पुन्हा सोडलं, आणि मी गादी ओलांडून थेट भिंतीपर्यंत गेलो. मोटर माझ्याच पोटात राहिली.

हल्ली मी कपाटावर असतो. भावोजी अधूनमधून येऊन माझी धूळ पुसतात. माया आहे म्हणे. असेल बुवा! तरी ते आले की मी आधी त्यांचे हात बघतो. मित्रांनो, आमची काळजी जरूर घ्या. फक्त दुरुस्तीला हात घालण्याआधी एवढं विचारा: हे सैल झालंय, की सैल ठेवलंय?