भिंतीवरची तारीख

शिमग्याची पालखी दारात यायची म्हणून गावातल्या इतर बायकांसारख्याच साळूबाईनेही घराच्या भिंती स्वच्छ सारवून घेतल्या, आणि दुसऱ्याच सकाळी तालुक्याचे आरोग्य खात्याचे साहेब कुडपण गावात नर्सबाई गौतमीचे काम तपासायला तिला घेऊन आले.

नर्सने प्रत्येक भेटीची तारीख घराच्या भिंतीवर लिहायची, असा नियम होता. तीन घरे फिरूनही साहेबांना एक तारीख दिसली नाही. साळूबाईच्या ओटीवर उभे राहून ते म्हणाले, "गौतमीबाई, तुम्ही इथे वर्षभर फिरकलाच नाहीत. नोटीस काढावी लागेल."

गौतमी काही बोलण्याआधीच साळूबाईच्या मस्तकात तिडीक गेली.

"देव यायचा म्हटल्यावर भिंती सारवायच्या नाय, साहेब? त्या तारखा माझ्या हातानं पुसल्या. ही बाय भर पावसात चढून येते नि माझ्या नातीला सुई टोचून जाते. भिंतीला काय विचारता? मला विचारा."

"नोंद दिसायला हवी, आजी."

साळूबाईने चुलीतला विझलेला कोळसा आणून त्यांच्या हातावर ठेवला आणि दाराची लाकडी चौकट दाखवली.

"मग लिवा तुमची आजची तारीख. चौकट आमी सारवत नाय. पाच वर्सांत पयल्यांदा आलात. त्याखाली दुसरी कधी पडते, ते आता आमी तपासतो."