पाऊण दांड्याचा बोळ

"अरे लाझारोस, भिंतीतून चाललास की! भूत आहेस का?"

स्तमातियामावशी ओरडली तशी वर्गातली पोरं हसली. लाझारोस जीभ चावून मागे फिरला आणि दारातून आत आला. दार म्हणजे खडूच्या रेघेतली मोकळी जागा.

ग्रीसमधल्या सालोनिका शहरातल्या आमच्या वास्तुकला विद्यालयात दर मंगळवारी माझा वर्ग कागदावरचं घर अंगणात खऱ्या मापानं आखतो आणि तासभर त्यात राहून बघतो. भिंत ओलांडायची नाही, एवढाच नियम. पोरं हमखास ओलांडतात. झाडलोट करणारी स्तमातिया मात्र इतक्या वर्षांत कधी रेघेवरून गेली नाही. हातात बादली घेऊन ती दारादारानं फिरायची. "इथे चूल? मग बाई वळणार कुठे?" असं विचारायची. माझ्या तासाभराच्या बोलण्यानं जे व्हायचं नाही, ते तिच्या एका प्रश्नानं व्हायचं.

त्या मंगळवारी ती माझ्याजवळ आली. "मॅडम, आज माझं घर काढता?"

तिच्या नवऱ्याला, आर्गिरिसला, अर्धांगवायू होऊन चार महिने झाले होते. चाकाची खुर्ची न्हाणीघरापर्यंत जाते का, ते शुक्रवारी डॉक्टरांना सांगायचं होतं. जात असेल तर तो घरी येणार, नाहीतर दूर सेरेस गावातल्या वृद्धाश्रमात जाणार.

"मापं आणलीत?"

"टेप कुठली माझ्याकडे? पोछ्याच्या दांड्यानं मोजलंय." तिनं चुरगळलेला कागद काढला. घरातला बोळ पाऊण दांडा रुंद. निजायची खोली दोन दांडे आणि एक वीत.

वर्गातल्या फोटिनीनं आधी दांडा मोजला, मग घर आखलं. विद्यालयाच्या दवाखान्याच्या खोलीतून चाकाची खुर्ची आणली. लाझारोस आर्गिरिस होऊन बसला.

"पाय लांब सोड. माझा नवरा तुझ्यासारखा टिल्लू नाही."

निजायच्या खोलीतून खुर्ची निघाली आणि बोळाच्या वळणावर अडली. मागे घेतली, तिरकी केली, पुन्हा अडली. चाक रेघेवर चढलं.

"थोडंसंच गेलंय," लाझारोस पुटपुटला.

"थोडीशी भिंतच आहे ती," स्तमातिया म्हणाली.

कुणीतरी भिंत पुसायला पाय पुढे केला. "तिथे इमारतीचा खांब आहे रे," ती म्हणाली. पाय मागे गेला.

मला उत्तर दिसलं होतं. जिभेवर आलेलं उत्तर गिळायला शिकवता शिकवताच शिकले मी.

फोटिनी उकिडवी बसून रेघांकडे बघत होती. "मावशी, न्हाणीघराच्या बरोबर समोर काय आहे?"

"दिवाणखाना."

"त्याचं दार?"

"दोन फळ्यांचं." आणि लगेच, "नाही गं बाई! तिथे खाट? काचेचं कपाट आहे तिथे, आईनं दिलेलं. पोरीचा साखरपुडा तिथे झाला. पाहुणे आले तर बसवू कुठे?"

"किती येतात?"

स्तमातियानं बोटांवर काहीतरी मोजलं, दुसऱ्या बोटापाशी थांबली. "ढकल बरं," ती हळूच म्हणाली.

खुर्ची दिवाणखान्यातून सरळ निघाली, बोळ आडवा ओलांडून न्हाणीघरात शिरली. कुठे थटली नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. लाझारोसनं आतूनच साबण मागितला.

ती हसली नाही. खडू घेऊन दिवाणखान्यात गेली, तीही दारातून. काचेच्या कपाटाचा चौकोन तिनं तळहातानं पुसला आणि तिथे खाट आखली. मग त्या खाटेवर, म्हणजे उघड्या फरशीवर, सावकाश आडवी झाली. गुडघे कटकटले.

"मावशी, काय झालं?"

"काही नाही. त्याला इथून काय दिसेल ते बघते."

फोटिनी तिच्याशेजारी आडवी झाली. "स्वयंपाकघर दिसतंय. उघडंच आहे ना ते?"

"कमान आहे."

"मग तुम्ही दिसाल, चुलीपाशी. पाठमोऱ्या."

"दिवसभर?"

"दिवसभर."

स्तमातिया उठून बसली. गुलाबी खडूनं भरलेला हात मागे नेऊन तिनं मानेवरचा अंबाडा चाचपला आणि सुटलेली बट हळूच आत खोचली.