बैलजिभीचं बी

कचेरीचं पत्र आलं त्या दिवशी मी नऊ वर्षांत पहिल्यांदा दुपारी निवांत झोपलो. बुलढाण्याहून शेतीच्या कचेरीने कळवलं होतं की, ‘आपल्या मंडळाकडील देशी तंबाखूच्या सातही जातींचे सर्व ताजे बी, सचिवांच्या शुद्धतेच्या दाखल्यासह, होळीनंतर आणून दिल्यास ते कायमचे ठेवून घेण्यात येईल.’ मी ते तीनदा वाचलं. ‘कायमचे’ हा शब्द मला इतका गोड लागला की पत्र उशाखाली ठेवूनच आडवा झालो.

मी भगवंतराव. देऊळघाटापासून तीन मैलांवर आमचं गाव, तिथल्या शाळेत पस्तीस वर्षं मास्तरकी केली, आणि पेन्शनीत आल्यावर गप्प बसायचं सोडून लष्कराच्या भाकऱ्या भाजायला घेतल्या. महाराष्ट्र राज्य झालं त्याच साली आम्ही ‘देशी तंबाखू बी मंडळ’ काढलं. आम्ही म्हणजे मी. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला सचिव केलं. तेव्हा व्यापारी बाहेरून विडीच्या तंबाखूचं एकच वाण आणू लागले होते, आणि बापजाद्यांची वाणं वावरातून नाहीशी व्हायला लागली होती. हत्तीकानी, काळपानी, चोपडी, आणि सगळ्यांत जुनी ती बैलजिभी. लांब, अरुंद, खरखरीत पान. पाणी कमी लागतं, आणि चिमूटभर तोंडात टाकली तर नवख्याला घाम फुटतो.

तंबाखूचं बी ज्याने पाहिलं नाही त्याला माझं दुखणं कळायचं नाही. बी कसलं, तपकिरी धूळच ती. एका बोंडात हजारो दाणे, आणि ऐन वेळी शिंक आली की वर्षाची मेहनत हवेत. शिवाय ते म्हातारं होतं, म्हणून दर तीन वर्षांनी पेरून ताजं करावं लागतं. पानासाठी लावलेल्या झाडाचा शेंडा फूल येण्याआधी खुडतात, म्हणजे जोर पानात उतरतो. बियाच्या झाडाचा शेंडा मात्र राखायचा आणि कळी उमलायच्या आत त्यावर मलमलची झोळी बांधायची, नाहीतर माशी शेजारच्या वाणाचा पराग आणून सगळी भेसळ करते. कोणाच्या वावरात कुठलं वाण राखायचं, त्याची पाळी मी लावायची. मलमल, डबे असल्या खर्चासाठी दर घराने सुगीला पानाची एक पेंढी मंडळाला द्यायची, ती देऊळघाटच्या बाजारात विकायची.

पहिल्या वर्षी पेंढ्या अशा आल्या की दोन्ही हातांच्या कवेत मावेनात. मग त्या रोडावत गेल्या. गेल्या वर्षी भाऊरावांनी दिलेल्या पेंढीत पानं कमी आणि देठंच जास्त होती. मी भांडलो. दरवर्षी दारोदार जाऊन भांडतो. कोणी झोळी बांधायला विसरतो, कोणी उमललेल्या फुलावर बांधून ‘वेळेवर बांधली’ म्हणून तोंडावर खोटं बोलतो. सचिवाचं काम म्हणजे भांडण, हे टाळ्या वाजवताना कोणी सांगितलं नव्हतं. आता चौसष्ट पुरी झाली. भांडून आलो की उजवा खांदा रात्रभर ठणकतो. भांडणाचा आणि खांद्याचा काय संबंध, ते वैद्यालाही सांगता आलं नाही.

बी असायचं मनकर्णाबाईंच्या घरी. सत्तरी उलटलेली, एकटी राहणारी बाई. उतरंडीच्या तळच्या मडक्यात कोरडी राख, आणि राखेत पुरलेले सात डबे. बैलजिभी तिच्या आईने लग्नात लुगड्याच्या पदरात बांधून आणली होती, असं ती सांगायची. मंडळाचा खरा जीव तीच. मी नुसता तोंडाचा.

कचेरीने मागितलेल्या सातांपैकी सहा वाणांचं ताजं बी डब्यांत तयार होतं. अडलं होतं ते बैलजिभीवर. दोन सालं तिची पाळी ज्यांच्याकडे होती त्यांनी ती चुकवली, आणि बी म्हातारं झालं. यंदा अंगुस्तानभर बी राखेत कालवून वाफ्यावर टाकलं, तर अकरा रोपं उगवली. सहा मेली. उरलेली पाच पंजाबरावांच्या वावरात लावली. बैलजिभीच्या डब्यात आता एक दाणाही नव्हता. म्हणजे त्या पाच झाडांना बोंडं धरली तरच बैलजिभी जगणार, आणि ती जगली तरच मी सुटणार. खरं सांगतो, मला त्यातल्या दुसऱ्या गोष्टीची, माझ्या सुटकेचीच, जास्त काळजी होती.

मार्गशीर्षातली अमावास्या होऊन चार दिवस झाले असतील. सकाळी पंजाबराव ओट्याशी येऊन उभे राहिले. हा माणूस पाळी न चुकवणारा, म्हणून तर पाचही झाडं त्यांच्याकडे दिली होती.

“मास्तर, वांधा झाला,” ते म्हणाले. “बैलजिभीचे शेंडे नाई राह्यले.”

“ढोरं शिरली?”

“ढोरं नाई. आमची सून.”

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! मी जोडे घातले, वाटेत मनकर्णाबाईंना सोबत घेतलं, आणि तिघं वावरात गेलो. पाच झाडं उभी होती, पाचही बोडकी. सून वावराच्या कडेला धुऱ्यावर पदर डोळ्यांपर्यंत ओढून उभी होती. कोकिळा तिचं नाव. दिवाळीनंतर लग्न होऊन धामणगाव बढ्याहून आलेली. तिच्या माहेरी कापूस आणि ज्वारी. तंबाखूचं झाड तिने इथेच पहिल्यांदा पाहिलेलं.

“पोरी, काय केलंस हे?” माझा आवाज शाळेतला निघाला.

“गुरुजी, मले कोनं सांगतलंच नाई,” ती म्हणाली. “आमच्या ह्यायले आठ दिस झाले ताप उतरत नव्हता. वावरात आली तं झाडाच्या डोक्शावर पांढरं फडकं, त्याले लाल नाडा, बुडाशी राखेचं रिंगण. एक नाई, पाच झाडं. अन् त्या दिशी अवस. मले वाटलं, कोनं तरी आमच्या घरावर करणी केली. शेंडे फडक्यासकट मोडले अन् पैनगंगेत सोडून देल्ले.”

पांढरं फडकं म्हणजे माझी मलमलची झोळी. लाल नाडा माझाच. तीन वर्षांपूर्वी एका मजुराने बियाचं झाड खुडलं, तेव्हा खूण म्हणून लाल नाडा बांधायचा ठराव मीच केला होता. आणि राख अळीसाठी, तीही माझ्याच सांगण्यावरून. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं. नव्या सुनेला सांगायचं मात्र सासऱ्याला सुचलं नाही, नवऱ्याला सुचलं नाही, आणि मंडळाच्या हुशार सचिवाला तर नाहीच नाही. त्यातून तिच्या नवऱ्याचा ताप दुसऱ्याच दिवशी उतरला होता. आता तिला चूक पटवून द्यायची तरी कशी?

“नदीत सोडल्यावर मांगं वळून पाह्यलं?” मनकर्णाबाईंनी विचारलं.

“नाई, आजी.”

“बरं केलं. करणीचं मांगं पाहू नाई,” असं म्हणून म्हातारी चक्क हसली.

मला हसू येईना. बैलजिभी गेली याचं वाईट वाटायच्या आधी मला वाटलं की आता कचेरी बी घेणार नाही, आणि हे लोढणं मरेपर्यंत माझ्याच गळ्यात. लाज वाटली, पण वाटलं ते असं.

“असं कसं झालं बाप्पा,” म्हणत पंजाबराव एका झाडाशी बसले, आणि बोलता बोलता सवयीने त्यांचा हात पानाच्या बगलेत गेला. तिथे बोटभर हिरवा फुटवा निघाला होता. शेंडा गेला की तंबाखू बगलेतून फुटते, आणि पानाचा जोर जाऊ नये म्हणून शेतकरी तो फुटवा दिसला की मोडतो. मनकर्णाबाईंनी त्यांच्या हातावर चापट मारली.

“मोडता काऊन? त्यालेच फूल येईन आता!”

पंजाबरावांनी हात असा मागे घेतला की जणू विंचू दिसला. पाचही झाडं पाहिली. दोन वाळायला लागली होती. तिघांना फुटवे होते. उशिराची फुलं, बारकी बोंडं, पण बी ते बीच. फक्त आता विहीर तळाला गेलेली, ऊन वाढत जाणार, आणि दोन महिने त्या तीन झाडांना हाताने पाणी घालावं लागणार होतं.

“मी घालीन,” पदराआडून कोकिळा म्हणाली. कोणी तिला विचारलं नव्हतं.

तिने घातलं. पौष गेला, माघ गेला. मी तिसऱ्या-चौथ्या दिवशी जाऊन पाहून यायचो, आणि दर वेळी बुडाशी माती ओली असायची. फुटव्यांना कळ्या धरल्या तेव्हा मंडळाची मलमल संपलेली, आणि नवी आणायला पेंढ्या विकून आलेलं काही उरलेलं नव्हतं. सासऱ्याचं जुनं धोतर फाडून तिने झोळ्या शिवल्या. बांधायच्या कशा, ते मनकर्णाबाईंनी दाखवलं. नाडा या वेळी पांढरा.

होळी झाल्यावर एका सकाळी ती मनकर्णाबाईंना घेऊन माझ्या ओट्यावर आली. हातात दोन पुड्या होत्या, एक मोठी, एक लहान. मी शुद्धतेचा दाखला लिहायला दौत-टाक घेऊनच बसलो होतो. हा एक कागद, की मी मोकळा.

“ही मोठी पुडी चोख हाय, गुरुजी,” ती म्हणाली. “कळी मिटली होती तवाच झोळी बांधली. ह्या लहानीत दोन बोंडाचं बी हाय. ते दोन फुलं पानाखाली होते, मले उमलल्यावर दिसले. पलीकडच्या वावरात चोपडी हाय, माशी येऊन गेली असन. म्हनून अलग ठेवलं.”

मी टाक खाली ठेवला. तिने सगळं एका पुडीत घातलं असतं तर मलाच काय, मनकर्णाबाईंनाही कळलं नसतं. नऊ वर्षांत एकाही बाप्याने ‘माझं फूल उमललं होतं’ असं आपणहून येऊन सांगितलं नव्हतं. ज्या गोष्टीसाठी मी घसा फोडला, ती ही पोर न विचारता सांगत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मी चष्मा पुसत बसलो.

“आता हे बी कोनाच्या वावरात जाईन?” तिने विचारलं.

मी तिला कचेरीचं पत्र दाखवलं. ती चौथीपर्यंत शिकलेली. अक्षरावर बोट ठेवून तिने पुरतं वाचलं.

“मंग तठी पाळी कोन लावते?”

“तिथे पाळी नसते. कपाट असतं. थंड, चांगलं, कुलपाचं.”

“अन् तीन सालानं पेरते कोन?”

हा प्रश्न मला पडला नव्हता असं नाही. पडला होता. तो मी पत्राबरोबरच उशाखाली दाबून ठेवला होता. कचेरीतली माणसं चांगली होती, कुलूपही चांगलं असणार. पण पैनगंगेकाठी विहीर आटलेली असताना तीन झाडांसाठी घागर वाहायला कोणत्या कपाटाला सांगायचं?

मी मनकर्णाबाईंकडे पाहिलं. म्हातारीने मोठी पुडी उघडून नाकाजवळ धरली होती, श्वास रोखून, दाणा उडू नये म्हणून.

“थकले असान तं देऊन टाका, मास्तर,” ती म्हणाली. “मी काईच म्हननार नाई. तुमी लय केलं.”

तिने भांडण केलं असतं तर मी बी देऊन टाकलं असतं. भांडणाला मला उत्तर देता येतं.

मी थकलो होतो. आजही थकलेलाच आहे. पण टाक उचलला आणि दाखल्याच्या कागदावर लिहिलं: ‘बैलजिभी या जातीचे बी यंदा साधले नाही. सबब सातही जाती एकत्र देणे शक्य नाही. कळावे.’ खाली सही केली. खोटं बोलणाऱ्यांशी नऊ वर्षं भांडलेल्या सचिवाचं हे पहिलं लेखी खोटं.

कोकिळा कागदावर वाकून वाचत होती. “गुरुजी, पन बी तं साधलं.”

“तू पाकिटाला डिंक लाव,” मी म्हणालो.

तिने लावला. मग मी सांगितलं तसं डब्यावर तिने कोळशाने नाव घातलं, साल घातलं, आणि ‘पाळी’ या शब्दापुढे जरा घुटमळून स्वतःचं नाव लिहिलं. दोन पुड्या दोन डब्यांत गेल्या. मनकर्णाबाईंनी ते ओटीत घेतले, आणि उठता उठता म्हातारी म्हणाली, “मलमल संपली, मास्तर. भाऊरावाकडची यंदाची पेंढी अजून आली नाई. कोन जाईन?”

“कोकिळा जाईल,” मी म्हटलं.

“नाई बा गुरुजी,” कोकिळा घाईघाईने म्हणाली. “पानी घालीन, झोळ्या शिवीन. भांडाचं काम तुमचं.”

उजवा खांदा आधीच ठणकायला लागला होता. मी जोडे घातले, काठी घेतली, आणि भाऊरावांच्या घराकडे निघालो. पेंढीत पुन्हा देठं निघाली तर काय बोलायचं, ते वाटेत ठरवू म्हटलं.