थोरला, धाकटा आणि उशी

“थोरल्याच्या उजव्या ठोशाचा नुसता वारा लागला असता ना, तरी तुमचा धाकटा तिसऱ्या राउंडला आडवा!” वर्तमानपत्रात खेळाचं पान लिहिणारे गृहस्थ टेबलावर मूठ आपटून म्हणाले आणि अर्धं सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

“आधी धाकटा त्याला सापडायला तर हवा!” शेजारचे डॉक्टर म्हणाले. “तो काय ठोसा खायला पत्ता देऊन उभा राहणार होता?” मग उरलेलं अर्धं सभागृह दणाणलं.

बॉक्सिंग क्लबला पन्नास वर्षं झाली म्हणून हा वाद ठेवला होता. याच क्लबातून दोन हेवीवेट जगज्जेते झाले. थोरला सहा वर्षांपूर्वी वारला. थोरल्याची कारकीर्द संपल्यावर चौदा वर्षांनी धाकटा जिंकायला लागला. दोघे एकमेकांसमोर कधी उभे राहिले नाहीत, आणि म्हणूनच तर गावभर इतकी वर्षं भांडणं चालली होती. जे झालंच नाही त्यावर भांडायला माणसाला भलताच हुरूप येतो. त्यात आपलं नाक फुटायची भीती नसते.

स्टेजवर तिसरी खुर्ची होती उशीची. हे नाव त्याला क्लबातच पडलं होतं. जगज्जेता व्हायचं तर रोज ठोसे मारायला समोर कुणीतरी लागतं. पुढच्या लढतीतला माणूस डावखुरा असेल तर उशीनं डावखुरं व्हायचं, तो वाकून लढत असेल तर उशीनं वाकायचं, आणि मार मात्र स्वतःच्याच अंगावर घ्यायचा. अठरा वर्षं त्यानं हेच केलं. थोरल्याच्या उतरणीला तो चोवीस वर्षांचा होता, धाकट्याच्या उमेदीला अडतीस वर्षांचा. दोघांचेही ठोसे खाल्लेला जगाच्या पाठीवर तो एकटाच. आता तो लाँड्रीत इस्त्री करायचा. शर्ट न्यायला येणारे लोक त्याच्या डोक्यावरून थोरला-धाकटा खेळायचे, पण याला विचारून बघावं, असं एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं.

पहिल्या रांगेत त्याची मुलगी बसली होती. त्यानं तीनदा फोन केला तेव्हा कुठे ती आली. लहानपणी तिनं बाप पाहिला तो सुजलेल्या चेहऱ्याचाच, आणि आई शेक देताना कण्हणारा. एकदाच, फक्त एकदाच, आपण खुर्चीत बसलोय आणि माणसं आपलं ऐकताहेत हे तिनं पाहावं, एवढीच त्याची इच्छा होती. बाकी वाद गेला खड्ड्यात.

“उशीकाका,” निवेदक म्हणाला, “तुम्ही तर दोघांचेही लाडके! कुणाचा मार जास्त गोड?”

लोक हसले. उशी हसणं थांबेपर्यंत थांबला.

“धाकटा जिंकला असता,” तो म्हणाला. ओरडा सुरू झाला तसा त्यानं हात वर केला. “अहो, ऐका तर खरं! थोरला उजवा मारायच्या आधी डावा हात खाली सोडायचा. जास्त नाही, चार बोटं. बाहेरून कुणाला दिसायचं नाही. समोरच्याला दिसायचं, पण दिसेस्तोवर तो जमिनीवर असायचा. धाकट्याचा हात चपळ. त्यानं तेवढ्या फटीतून काम केलं असतं.”

ओरडा थांबला. डॉक्टर मान डोलवायला लागले. मुलगी खुर्चीत पुढे सरकून बसली. उशीला इतकं बरं वाटलं, की बास.

“पण तुम्हाला हे कशावरून वाटतं?” खेळाच्या पानवाल्यांनी विचारलं. “आम्ही त्याच्या चाळीस लढती पाहिल्या. आम्हाला नाही दिसलं ते!”

इथे उशी चुकला. क्लबचा एक नियम होता, लिहिलेला कुठेच नव्हता, पण सगळे पाळायचे. सरावात जे होईल ते दाराच्या आतच ठेवायचं. कोण पडलं, कोण रडलं, घरीसुद्धा सांगायचं नाही. उशीनं तो सदतीस वर्षं पाळला. थोरला गेला तेव्हा त्याला वाटलं, चला, आता नियमही सुटला. माणूसच उरला नाही, तर झाकायचं कुणाचं?

“कारण मी त्याला पाडलं होतं,” तो म्हणाला. “शेवटच्या मोठ्या लढतीच्या आठ दिवस आधी. फट दिसली आणि माझा उजवा आपोआप गेला. हनुवटीवर.”

मागून कुणीतरी ओरडलं, “ऐका हो ऐका, उशीनं थोरल्याला लोळवलं!” आणि जो हशा उसळला तो थांबेचना. निवेदक डोळे पुसत म्हणाला, “अहो, वस्ताद इथेच आहेत की! वस्ताद, तुम्हीच काय ते सांगा.”

वस्तादांनी ऐंशी ओलांडली होती. दोन्ही जगज्जेते त्यांच्याच हाताखाली तयार झाले. त्या दिवशी सराव बघायला ते एकटेच होते. थोरल्याच्या तोंडावर पाणी त्यांनीच मारलं होतं, आणि उशीला महिनाभर फिरकू नकोस म्हणूनही त्यांनीच बजावलं होतं. ते काठीवर जोर देऊन उठले. उशीकडे पाहिलं.

“उशी कधी कुणाला पाडते का?” ते म्हणाले. “फार तर झोपवते.”

सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. उशीही हसला. दुसरं काय करणार?

कार्यक्रम संपल्यावर त्यानं वस्तादांना बाहेरच्या बोळात गाठलं. “तुम्हाला खरंच आठवत नाही?”

“न आठवायला काय झालं? एक्केचाळीस सेकंद पडून होता. मी मोजले.” वस्तादांनी आजूबाजूला पाहून घेतलं. “तसा उजवा मी पुन्हा पाहिला नाही. धाकट्याचासुद्धा नाही.”

“मग तिथे का नाही बोललात? मुलगी बसली होती हो माझी.”

“मेलेला माणूस उत्तर द्यायला येतो का? आतलं ते आत. नियम तू मोडलास बाबा, मी नाही.” आणि काठी टेकत म्हातारा निघून गेला.

उशी बसस्टॉपवर आला. मुलगी आधीच येऊन थांबली होती. वस्तादांचं ते वाक्य कधी एकदा तिला सांगतो असं त्याला झालं होतं. पण तीच आधी बोलली.

“बाबा, कशाला बोललात ते? लोक फिदीफिदी हसत होते. मला मान वर करवेना अगदी.”

“अगं, पण ते—”

“तुम्ही मार खाऊन मला शिकवलंत. मला आता नाही हो लाज वाटत त्याची. मग खोटं कशाला बोलायचं?”

“खोटं नव्हतं गं ते.”

तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं. “मग आईला का नाही सांगितलंत कधी?”

तो बस येतेय का ते पाहू लागला.

“शेवटपर्यंत म्हणायची बिचारी, एकदा तरी उलटून मारा हो कुणाला. हॉस्पिटलात नाकात नळ्या असतानासुद्धा म्हणाली. मी होते तिथे. तेव्हा तरी सांगितलं असतंत ना तुम्ही? मरणाऱ्या माणसापासून असं कोण लपवेल?”

त्यानं लपवलं होतं. बायकोचा हात धरून “बघू, पुढच्या वेळी” म्हणाला होता, आणि अशा वेळीही तोंड उघडलं नाही याचा त्याला त्या दिवशी अभिमानच वाटला होता. आज पहिल्यांदाच त्याला त्या अभिमानाची शिसारी आली.

“सांगा ना, बाबा.”

“खोटंच होतं,” तो म्हणाला. “माइक हातात आला की चढते माणसाला.”

“मला वाटलंच,” तिनं सुस्कारा सोडला. मग तिनं त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बोटं गार पडली होती. “या हातानं कुणाला मारणार होतात तुम्ही,” ती मायेनं म्हणाली, आणि बस येईपर्यंत तो हात चोळत राहिली.