हिऱ्यांच्या मातीतले सूप

"सूप नेतेस तर ने, पण रिकामं परत आणू नकोस. चार दाणे का होईना, घालून आण."

नरसक्काने हे सांगून मला तिच्या विधवा नणंदेच्या, पोलम्माच्या, हातांत दिले. मित्रांनो, मी एक जुने सूप आहे. त्यानंतर माझ्या वाट्याला आले ते सांगताना आजही माझी वीण शरमेने आक्रसते.

कृष्णाकाठच्या बांबूपासून एका बुरडाने मला विणले. नरसक्काच्या सासूने मला शेणाने सारवले, हळदीकुंकवाची बोटे ओढली, आणि मगच माझ्यात भात घेतला. आमच्या घरी मला कुणाचा पाय लागू देत नसत. मूल जन्मले की माझ्यात तांदूळ पसरून त्यावर त्याला निजवत. जन्मभर अन्न अंगाखाली असावे, एवढाच त्यामागचा भाव. पोलम्माही कधीकाळी माझ्यातच निजली होती.

पुढे खळ्यावरचे दिवस फिरले. आमच्या मुलखाच्या शेतसाऱ्याचा मक्ता गोवळकोंड्याहून लिलावाने दिला जाई. सगळ्यांत मोठी बोली लावणाऱ्याला मुलूख मिळे, आणि बोलीचा पैसा तो आमच्या खळ्यांवरून उकरून काढी. मी पाखडून दिलेला टपोरा भात त्याच्या गोण्यांत जाई, पोकळ पळंज तेवढे माझ्यात राही. घरातली मुले माझ्यात डोकावत, तेव्हा मला त्यांच्याकडे बघवत नसे.

नरसक्काच्या लेकीला दिवस गेले, आणि कणगीचा तळ दिसू लागला. म्हणून पोलम्मा कोल्लूरच्या हिऱ्यांच्या खाणीवर निघाली. स्वतःचे सूप आणणारीला पाखडायचे काम देतात, मातीच्या पाट्या वाहाव्या लागत नाहीत, असे तिने ऐकले होते.

"संक्रांतीच्या आत येते, वहिनी. बाळाला याच सुपात निजवू. तांदूळ माझा," ती म्हणाली.

खाणीवर खणायला लागण्याआधी दगडाची देवी मांडली. हळदीच्या पाण्याने तिला न्हाऊ घातले, सगळे पाया पडले, आणि पानावर भात वाढला. मला वाटले, इथेही देव आहे, अन्न आहे. काळजी नको.

पण तसा भात पुन्हा दिसला नाही. धुऊन वाळवलेली माती माझ्यात येई. मी पाखडले की धूळ उडे, खडे उरत, आणि त्यांतून हिरे निवडत. "या सुपाचा गुण चांगला," असे लोक म्हणत. ते कौतुक मला बोचे. संध्याकाळी मुकादम मला लाथेने पालथे करी, विणीत कुणी काही लपवले का ते बघायला.

"पाय नको लावू, दादा. लक्ष्मी आहे ती," पोलम्मा एकदा म्हणाली.

"मग लक्ष्मीला म्हणावं, स्वतःच उलट," तो म्हणाला. बायकाही तोंडाला पदर लावून हसल्या. मजुरीच्या तांदळात खडेच फार. शेजारची वेंकम्मा म्हणे, घरी गेल्यावर आपली खडे निवडायची सवय मोडू नये म्हणून धनी मुद्दाम घालतात.

एका दुपारी धूळ उडाली आणि माझ्या कोपऱ्यात आवळ्याएवढा हिरा चमकला. मोठा हिरा सुलतानाचा, हा तिथला कायदा. ज्याला तो सापडेल त्याने दोन्ही हात वर करून ओरडायचे, म्हणजे सरकारी माणूस येई, आणि हिरा सापडलेल्याला डोईचे फडके, अर्धा होन आणि तांदूळ मिळत. पोलम्माचे हात अर्धे वर गेले. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या ठेकेदार कोमरय्याने आपला पाय उचलला आणि माझ्यात, त्या हिऱ्यावर, ठेवला.

"ऊन फार आहे, पोलम्मा. डोळ्यांना काहीबाही दिसतं," तो हळूच म्हणाला.

हिरा सुलतानाकडे गेला असता तर कोमरय्याच्या हाती काहीच लागले नसते. पोलम्माने हात खाली घेतले, आणि हिरा त्याने कमरेला खोचला. ती भ्यायली होती, मित्रांनो. तिला मी बोल लावत नाही.

बाळाचे पोलम्मा खाणीवर सगळ्यांना सांगे. संध्याकाळी त्याने मला काठोकाठ तांदळाने भरले. "बाळाला निजवायचंय ना? घे." कित्येक वर्षांनी मी असे भरले होते, आणि इतकी लाज मला रिकामे असतानाही वाटली नव्हती.

पोलम्माने चूल पेटवली नाही. मला मांडीवर घेऊन ती देवीपुढे बसून राहिली. मग उठली आणि कोमरय्याच्या ओट्यावर तिने माझ्यातले तांदूळ ओतले.

"धनी, ज्याच्यावर लेकरू निजवायचं, त्याच्यावर पाय पडलेला नको."

"अगं, पाय काय तांदळावर पडला होता? दगडावर पडला होता," तो हसत म्हणाला.

"सुपात पडला होता ना."

तो हसायचा थांबला. "मग जा तशीच. मजुरीही मिळायची नाही."

सकाळी तिने मला कृष्णेत धुतले, शेणाने सारवले, उन्हात वाळवले. वाटेवरच्या शेतांतली कापणी उरकली होती. तिने धसकटांतून वाकून वाकून गळालेल्या लोंब्या वेचल्या, तळहातांवर चोळल्या, फुंकर मारली. ओंजळभर भात माझ्यात पडला. कांडून सडल्यावर मूठभर तांदूळ होतील, तेवढाच.

मित्रांनो, मागून आणलेली वस्तू रिकामी परत करू नका. पण भरताना आत काय भरतो आहोत, तेही बघा. आम्ही मुक्या वस्तू, दिले ते पोटात घेतो. त्याची लाज मात्र आम्हालाही वाटते.

पोलम्माने ओंजळभर भातावर पदराचे टोक पसरले, मला डोक्यावर घेतले, आणि ती नरसक्काच्या गावाच्या वाटेला लागली.