हातात उरलेले दिवस

वकीलबाईंचा आवाज लहान होता. वकिलीच्या पहिल्या दहा वर्षांत त्यांनी कोर्टात "जरा मोठ्याने बोला" हे वाक्य जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा स्वतःचं नावही ऐकलं नसेल. मग एकदा टीव्हीवरच्या कायद्याच्या कार्यक्रमातले नेहमीचे तज्ज्ञ आजारी पडले आणि ऐनवेळी दुसरं कुणी मिळेना म्हणून बाईंना बोलावणं आलं. कोटाच्या कॉलरला नखाएवढा माइक लावला, आणि जो आवाज न्यायाधीशांच्या टेबलापर्यंत पोचत नव्हता तो घराघरात पोचला. लोकांना तो आवडला. हळू बोलणारं माणूस खरं बोलत असणार, असं बहुधा लोकांना वाटत असावं.

ते आजारी तज्ज्ञ बरे झाले, पण परत आले नाहीत. बाई अकरा वर्षं त्या खुर्चीत बसल्या. पुढे कार्यक्रमाचं सूत्रसंचालनही त्यांच्याकडेच आलं. धाकटी बहीण त्यांना "टीव्हीताई" म्हणायची. वकिलांच्या खोलीत पाठीमागे "दीड मिनिटवाल्या बाई" असं म्हणत, कारण प्रत्येक प्रश्नाला दीडच मिनिट असे. बाईंच्या कानावर ते गेलं होतं. त्यांना ते फारसं खोटंही वाटलं नव्हतं.

लोक पत्रं पाठवत. मंगळवारी उत्तरांचं रेकॉर्डिंग होई आणि रविवारी सकाळी कार्यक्रम दिसे. पहिली आठ वर्षं बाई ठरावीक साच्यात सांगत: "निकालाच्या तारखेपासून तीस दिवसांत अपील करा." मग नवा निर्माता आला. तरुण, हुशार, सतत घाईत.

"बाई, लोक चहा पीत बघतात हो. त्यांना बोटं मोजायला कशाला लावता? पत्रात तारीख असते ना? मग किती दिवस उरले ते सरळ सांगून टाका."

बाईंना ते पटलं. त्या दिवस मोजून सांगू लागल्या. बघणारे वाढले.

एका गुरुवारी दुपारी त्यांच्या ऑफिसात एक शिंपी आला. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, एक कपाट आणि बाईंचे जुने कारकून अण्णा. शिंप्याच्या गळ्यात मापाची टेप तशीच होती.

"दुकान उघडं टाकून आलोय, ताई. तुम्हाला पत्र लिहिलं होतं ते मीच." त्याने निकालाची प्रत टेबलावर ठेवली. "तुम्ही म्हणालात, अजून बारा दिवस आहेत हातात. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करत गेलो. आज अकरावा. शेवटच्या दिवसापर्यंत ताणायला मी काही खुळा नाही."

बाईंनी निकालाची तारीख पाहिली. पुन्हा पाहिली. अण्णा उभ्या उभ्या बोटांवर मोजत होते आणि त्यांची बोटं संपली.

झालं होतं ते असं. बाईंनी मंगळवारी सांगितलं तेव्हा बारा दिवस खरोखरच उरले होते. त्या रविवारी कुठलासा मोठा सामना होता, म्हणून कार्यक्रम पुढच्या रविवारवर गेला. शिंप्याने तो पाहिला तो दिवस तिसावा होता. त्याने तिथून बारा मोजायला सुरुवात केली. बाईंना हे कळायला मार्ग नव्हता, कारण त्या स्वतःचा कार्यक्रम कधीच बघत नसत.

"उशीर झाला का?" शिंप्याने विचारलं.

"झाला," बाई म्हणाल्या. "अकरा दिवस."

दुकानमालकाला ती जागा मुलासाठी हवी होती आणि निकाल त्याच्या बाजूने लागला होता. शिंपी तिथे सव्वीस वर्षं मशीन चालवत होता. अपील दाखल झालं नाही तर महिन्याभरात कुलूप लागणार, यात शंका नव्हती.

अण्णांनी बाईंना कपाटाजवळ घेतलं. "डॉक्टरांची चिठ्ठी आणतो. ताप, अंगदुखी, सक्तीची विश्रांती. उशीर माफ करा म्हणणाऱ्या निम्म्या अर्जांत तेच असतं. कोण बघतंय?"

खोली लहान होती. शिंप्याला सगळं ऐकू गेलं. "चालेल की! मला अधूनमधून ताप येतोच. तुमचं नाव मध्ये कशाला, ताई? आमच्या घरी सगळे तुम्हाला मानतात."

बाईंनी त्याला सोमवारी यायला सांगितलं आणि निर्मात्याला फोन लावला.

"बाई, शेवटी पाटी येते ना, 'प्रत्यक्ष वकिलाचा सल्ला घ्यावा' म्हणून? मग झालं तर," तो म्हणाला. "आणि हे बघा, कोर्टाच्या कागदावर कार्यक्रमाचं नाव आलं तर वरचे लोक मला फाडून खातील. तुम्हालाही ठेवणार नाहीत. चिठ्ठीवर भागतंय ना? भागू द्या."

दोन दिवस बाईंनी या चिठ्ठीचा विचार केला. मालक दुकानाच्या वरच्याच मजल्यावर राहत होता. ते अकरा दिवस मशीन रोज चालू होतं आणि त्याने ते रोज ऐकलं होतं. उलटतपासणीत एक प्रश्न आला की चिठ्ठी गेली, आणि चिठ्ठीबरोबर दुकान. उलट खरं कारण भक्कम होतं. वकिलाच्या चुकीच्या सल्ल्यामुळे झालेला उशीर कोर्टं माफ करतात. खरं सांगण्यात शिंप्याचं काहीच जात नव्हतं. जाणार होतं ते बाईंचं, आणि म्हणूनच दोन दिवस लागले, हे त्यांना कळत होतं.

सोमवारी त्यांनी स्वतःचं प्रतिज्ञापत्र स्वतः टाइप केलं. दोन पानं. त्यात सामन्यामुळे कार्यक्रम पुढे गेल्याचं सविस्तर लिहिलं. आता त्या साक्षीदार झाल्या, तेव्हा शिंप्याचं वकीलपत्र त्यांना घेता येईना. पूर्वी त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका वकिलाने ते घेतलं.

सुनावणीच्या दिवशी मालकाचे वकील रंगात होते. "साहेब, उद्या कुणी म्हणेल, टीव्हीवर पाऊस नाही म्हणाले म्हणून छत्री आणली नाही, सबब उशीर माफ करा!"

मागचे वकील हसले. बाईही थोडं हसल्या, कारण वाक्य बरं होतं.

न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी प्रतिज्ञापत्र शेवटपर्यंत वाचलं आणि बाईंना उभं केलं. "कार्यक्रम नेहमी रेकॉर्डिंगनंतर किती दिवसांनी दाखवतात?"

"पाच दिवसांनी."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"म्हणजे सामना नसता तरी ऐकणाऱ्याच्या हातात सातच दिवस होते. तुम्ही बारा सांगितलेत."

गेले दोन आठवडे बाई मनातल्या मनात त्या सामन्याला दोष देत होत्या. हा साधा हिशेब त्यांनी मांडलाच नव्हता.

"हो, साहेब," त्या म्हणाल्या.

"बसा."

हुकूम लगेच झाला. अर्जदार जागरूक होता, त्याने विश्वासाने ऐकलं, वकिलाच्या चुकीची शिक्षा त्याला होऊ नये. विलंब माफ.

जिन्यात शिंप्याने बाईंना गाठलं. "जिंकलो ना, ताई?"

"नाही. आत जायला मिळालं एवढंच. अपील अजून चालायचंय, आणि मालकाची बाजू काही लेचीपेची नाही."

"किती चालेल?"

"वर्षभर तरी."

"मग शाळांचे गणवेश होतील शिवून," शिंपी म्हणाला. "दीडशे मापं घेऊन ठेवलीत. पुढचं पुढे बघू." त्याने हात जोडले आणि तो दुकानाकडे निघून गेला. थांबायला त्याला वेळ नव्हता.

त्याच आठवड्यात निर्मात्याचं पत्र आलं. आभार मानले होते, शुभेच्छा दिल्या होत्या आणि बाईंच्या जागी कोण येणार तेही कळवलं होतं. संध्याकाळी बाईंनी अण्णांना कार्यक्रमाच्या फायली काढायला सांगितलं. प्रेक्षकांची मूळ पत्रं बाई उत्तरांसकट जपून ठेवत.

"गेल्या तीन वर्षांच्या काढा."

"कार्यक्रम तर गेला, बाई. आता त्या कशाला?"

"अण्णा, सामना एकदाच झाला. पण पाच दिवस दर रविवारीच कमी पडत होते."

अण्णा खुर्चीत बसले. मग म्हणाले, "पण बाकीचं कुणी आलं नाही आपल्याकडे."

"नाही आलं."

दोघांनी फायली वाटून घेतल्या. पहिल्या वर्षातच चौदा उत्तरांत बाईंनी उरलेले दिवस मोजून सांगितले होते. नऊ पत्रांवर पूर्ण पत्ता होता. एकीने तर खाली लिहिलं होतं, 'तुम्ही सांगाल तसंच करीन.'

"यांची मुदत गेली असेल तर?" अण्णांनी विचारलं.

"तर अर्ज करायला सांगू. प्रतिज्ञापत्र मी देईन."

"सगळ्यांना?"

"जे मागतील त्यांना."

अण्णांनी चष्मा पुसला, पाकिटांचा गठ्ठा पुढे ओढला आणि पहिल्या पाकिटावर पत्ता लिहायला घेतला.