माघार

नुक्सुंगलानं नगरपालिकेच्या महिला राखीव जागेसाठी अर्ज भरला, तेव्हा नागालँडमधल्या तिच्या गावात खळबळ माजली; कारभार पुरुषांनीच करायचा, अशी तिथली रूढी. माघारीच्या शेवटच्या दिवशी सकाळीच गावपंच असलेले तिचे चुलते दारात आले.

“काका, ही जागा मला संविधानानं दिलीय.”

“दिली असेल, बाई. पण उद्या तुझी आई गेली, तर खड्डा खणायला संविधान येणारे का? गावातलं कुणी येणार नाही, सांगून ठेवतो.”

आई चार महिने अंथरुणाला खिळलेली होती. नुक्सुंगला कचेरीत गेली. ‘स्वखुशीनं माघार’ असं छापलेल्या कागदावर तिनं सही केली.

घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं. म्हातारीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

“मेल्यावर कुठंही टाकलं असतंस तरी चाललं असतं गं. मला विचारायचं तरी होतंस.”